वरच्या 22 ओळी, खालच्या 14: एका घरच्या वायनरीचं प्रकरण

दिंडोरी तालुक्यात आमची दोन एकर शिराझ, म्हणजे रेड वाइनच्या द्राक्षाची बाग आहे. आठ बाय चार फुटांवर लावलेल्या 36 ओळी (रानाच्या वरच्या अंगाला 22, खालच्या अंगाला 14), ओळीत साधारण 75 वेली, म्हणजे सगळी मिळून 2,700 खोडं. 2022 चा हंगाम आटोपला तेव्हा या बागेची तीन टाक्या वाइन आमच्याकडे होती आणि त्यातली एकही टाकी आमचं लेबल लावून बाटलीत भरावी अशी नव्हती. त्याच वर्षी आम्ही मजुरी देऊन निम्मे घड कापून जमिनीवर टाकले होते. चांगल्या वाइनसाठी वेलीवर माल कमी हवा, हे मी शिकून आले होते आणि घरच्यांना मीच पटवलं होतं. माल कमी झाला, आणि वाइन आदल्या वर्षीपेक्षा खराब झाली.

हे का झालं, आम्हाला ते कसं कळलं आणि पुढच्या हंगामांत आम्ही काय बदललं, ते इथे सविस्तर लिहिते आहे. टेबल द्राक्षातून, म्हणजे खायच्या द्राक्षातून, वाइनकडे आलेली आमच्यासारखी घरं नाशिक जिल्ह्यात आणखीही आहेत. ‘माल कमी तर वाइन चांगली’ हे त्यांनीही ऐकलेलं असतं. ते अर्धंच खरं आहे, आणि उरलेलं अर्धं आम्हाला फार महाग पडलं.

नानांची बाग

नाना, म्हणजे माझे वडील, मुळात थॉमसनवाले, म्हणजे बिनबियांचं खायचं द्राक्ष पिकवणारे. 2001 मध्ये राज्य सरकारचं द्राक्ष प्रक्रिया उद्योग धोरण आलं, विंचूरला आणि पलूसला वाइन पार्क झाले, आणि वायनऱ्या शेतकऱ्यांशी करार करू लागल्या. नानांनी 2005 मध्ये सहा एकर वाइनची द्राक्षं लावली. खुंट, म्हणजे ज्याच्या मुळांवर द्राक्षाचं कलम करतात ती वेल, डॉगरिज जातीचा, कारण थॉमसनला तोच वापरत होते, हाताशी तोच होता, आणि पाण्याच्या ताणात, खारवट जमिनीत तो तगतो हे सगळ्यांना माहीत होतं. या खुंटाचं नाव पुढे पुन्हा येईल.

2008-09 मध्ये मंदी आली, मुंबईवर हल्ला झाला, हॉटेलं ओस पडली आणि वाइनचा खप बसला. ज्यांच्याशी आमचा करार होता त्यांनी माल उचलला नाही. वाइनच्या द्राक्षाचं दुखणं असं की त्याला दुसरं गिऱ्हाईक नाही. मणी बारीक, साल जाड, आत बिया; मार्केटमध्ये कोणी हात लावत नाही. त्या दोन-तीन वर्षांत नाशिक भागात कित्येकांनी वाइनच्या बागा तोडल्या. नानांनीही चार एकर तोडून तिथे पुन्हा थॉमसन लावली. दोन एकर शिराझ मात्र राहू दिली. का राहू दिली, हे ते आजही नीट सांगत नाहीत. आई म्हणते, त्यांना त्या बागेचा जानेवारीतला रंग आवडायचा.

2015 मध्ये त्या दोन एकरांच्या भरवशावर आम्ही छोट्या वायनरीचा परवाना काढला. बाग नाना आणि काका बघतात, वायनरी माझ्याकडे, विक्री आणि एक्साइजची कागदपत्रं भावाकडे, टेस्टिंग रूम वहिनीकडे, हिशेबाची वही आईकडे. पांढऱ्या वाइनसाठी चेनिन ब्लाँ भावकीतल्या दोघांकडून घेतो. घर थॉमसनवर चालतं, आणि पहिली काही वर्षं वायनरीसुद्धा थॉमसननेच पोसली. लहान वायनरीचा पैसा टाकीत आणि पिंपात अडकून पडतो. मार्चमध्ये तोडलेल्या द्राक्षाची रेड वाइन दीड-दोन वर्षांनी विकायला निघते. मजुरी, औषधं, वीज, बाटल्या, बुचं यांचे पैसे मात्र त्याच वर्षी द्यावे लागतात. पुढे सांगितलेल्या प्रत्येक निर्णयामागे हा ताण होता.

निम्मे घड जमिनीवर

2021 ला या दोन एकरांतून 14 टन माल निघाला, वेलीमागे पाच किलोच्या वर. 22 ब्रिक्सला (ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं माप) पोचायला मार्चचा दुसरा आठवडा उजाडला. वाइनचा रंग फिका, चव पातळ. विकली गेली, पण स्वस्तात, आणि तीच बाटली पुन्हा मागायला फारसं कोणी आलं नाही. मला कारण उघड दिसत होतं: वेलीवर ओझं जास्त आहे. मी नानांना म्हटलं, पुढच्या वर्षी एकरी चार टनांवर यायचं.

जानेवारी 2022. मण्यांत पाणी उतरत होतं, घडांना रंग चढू लागला होता. पेठ-सुरगाण्याकडची मजुरांची टोळी दरवर्षीसारखी आली होती. मी मागे राहिलेले, हिरवे, एकमेकांवर चढलेले घड दाखवत होते आणि बाया कात्रीने ते खाली टाकत होत्या. दोन ओळी झाल्यावर त्यांच्यातल्या एका म्हातारीने विचारलं, “ताई, ह्याला काय रोग झालाय?” नाना बांधावर उभे होते. त्यांनी आयुष्यभर घड वाढवायचंच काम केलं. गारपिटीत झडलेला घड पाहिला तरी ते दोन दिवस नीट जेवत नाहीत. ते काही बोलले नाहीत. वळून थॉमसनच्या बागेकडे निघून गेले. हातातोंडाशी आलेला घास मी त्यांच्यासमोर मातीत टाकत होते आणि माझी पूर्ण खात्री होती की मार्चमध्ये त्यांना याचं उत्तर पेल्यात मिळेल.

आठ टन माल आला. वेलीमागे तीन किलो. ब्रिक्स साडेचोवीस, पाहून मी खूश झाले. मग पीएच मोजला: 3.92.

जे वाइन करत नाहीत त्यांच्यासाठी थोडं सांगते. पीएच जितका वर, तितकी वाइनची आम्लता दुबळी. रेड वाइनचा पीएच 3.5-3.6 असला की रंग लाल राहतो, चव ताजी राहते आणि जंतूंपासून संरक्षण सोपं जातं. 3.9 ला रंग निळसर, मेलेला दिसतो. वाइन टिकवायला घालतात त्या सल्फरचंही (सल्फर डायऑक्साइडचं) तसंच. जे संरक्षण 3.5 पीएचला लिटरमागे 40 मिलिग्रॅम मुक्त सल्फरने मिळतं, तेवढ्यासाठी 3.9 ला 100 च्या आसपास लागतं; तेवढं घातलं तर नाकाला तेच जाणवतं, आणि नाही घातलं तर काही महिन्यांत पिंपातून घोड्याच्या तबेल्यासारखा वास येऊ लागतो. मी टार्टारिक आम्ल घातलं. त्यातलं बरंचसं पोटॅशियमशी जुळून स्फटिक होऊन टाकीच्या भिंतीला बसलं. पीएच हलला तो नावापुरता. चवीत साखरेतून आलेला दारूचा चटका होता आणि त्याच्या मागे हिरव्या देठासारखा कडवटपणा. साखर पिकली होती, द्राक्ष पिकलं नव्हतं.

ती वाइन आम्ही ठोक भावात दुसरीकडे दिली. आईने वहीत त्या हंगामापुढे फक्त रक्कम लिहिली. तोटा हा शब्द तिने लिहिला नाही, पण पान उलटताना तिचा हात थांबला हे मी पाहिलं.

काड्यांची ट्रॉली

मी आधी दोष वायनरीत शोधला. यीस्टचं पाकीट, टाकीचं तापमान, पंप-ओव्हरच्या (टाकीच्या तळातला रस वर सालींवर सोडण्याच्या) वेळा, सगळ्या नोंदी उलट्यापालट्या केल्या. दोन आठवडे त्यात गेले. उत्तर नानांच्या एका वाक्यातून मिळालं, आणि ते वाक्य त्यांनी तक्रार म्हणूनही म्हटलं नव्हतं. एप्रिलची खरड छाटणी, म्हणजे हंगामानंतर जुन्या काड्या काढायची छाटणी, चालली होती. संध्याकाळी चहा घेताना ते काकांना म्हणाले, “यंदा शिराझच्या काड्या उचलायला एक ट्रॉली जास्त लागली. सगळ्या खालच्या अंगाच्या.”

मी कप ठेवून उठले. घड निम्मे केले तर वेल ती ताकद कुठे तरी लावणारच. ती तिने लाकडात आणि पानांत लावली होती.

रानात अजून छाटायच्या वेली होत्या. वरच्या अंगाच्या 20 आणि खालच्या अंगाच्या 20 वेलींच्या काड्या आम्ही वेगळ्या बांधून काट्यावर घेतल्या. खाली वेलीमागे 1.6 किलो काडी. वर 0.6 किलो. फ्रान्सच्या माँपेलिएमधले लुई रावाझ यांच्या नावाने ओळखला जाणारा एक साधा हिशेब आहे: वेलीने दिलेला माल भागिले त्याच वेलीची छाटलेली काडी. उत्तर साधारण 5 ते 10 च्या मध्ये आलं तर वेलीचा तोल बरा समजतात. पाचाच्या खूप खाली गेलं तर वेल फळ सोडून वाढीच्या मागे लागली आहे, दहाच्या वर गेलं तर तिच्यावर ओझं जास्त आहे. आमचं वरच्या अंगाचं उत्तर पाचाच्या जवळ होतं. खालच्या अंगाचं दोनसुद्धा भरत नव्हतं.

म्हणजे 2021 च्या फिक्या वाइनचं मी लावलेलं कारण वरच्या ओळींपुरतं बरोबर होतं. खालच्या ओळींचं दुखणं उलटं होतं, आणि मी दोघींना एकच औषध दिलं.

मग आम्ही खड्डे खणले. वर दीड फुटावर मुरूम लागला. खाली चार फूट गेलो तरी काळी मातीच होती, आणि एप्रिलमध्येही हाताला गार लागत होती. नाना खड्ड्याच्या काठावर उभे राहून म्हणाले, “हे खणून बघायला कशाला पाहिजे? वरच्या अंगाला कुदळ वाजते, खालच्या अंगाला नुसती रुतते.” सतरा वर्षं त्यांना हे माहीत होतं. मी विचारलं नव्हतं. माझ्या नोंदवहीत ‘शिराझ, दोन एकर’ अशी एकच ओळ होती, आणि या प्रकरणातली माझी सगळ्यात मोठी चूक मी तीच मानते.

झिरो झिरो पन्नास

पानांच्या देठांच्या परीक्षणाचा निकाल आला तेव्हा पीएचचं कोडंही सुटलं. पालाश, म्हणजे पोटॅशियम, गरजेपेक्षा बराच जास्त, खालच्या ओळींत तर फारच.

टेबल द्राक्षाचा शेतकरी मण्यांत पाणी उतरलं की ठिबकमधून झिरो झिरो पन्नास (0:0:50 हे पालाशचं खत) सोडतो. साखर भरावी, मण्याला गोडी यावी म्हणून. हे नाशिकच्या रानात इतकं अंगवळणी पडलं आहे की त्याची कोणी चर्चाही करत नाही. नानांनी शिराझलाही ते दरवर्षी दिलं. लपवून नाही, प्रेमाने, बागेची आबाळ होऊ नये म्हणून. पण हा पालाश मण्यात, विशेषतः सालीत साठतो. रेड वाइन सालींसकट आंबते, तेव्हा तो रसात उतरतो, टार्टारिक आम्लाला खाली बसवतो आणि पीएच वर ढकलतो. त्यात डॉगरिज हा खुंट मुळातच पालाश भरपूर ओढणारा. काळी माती, डॉगरिज, झिरो झिरो पन्नास, आणि वर निम्म्या घडांमुळे उरलेल्या घडांवर पडलेली पानांची दाट सावली. सावलीतल्या घडाचा पीएच आणखी चढतो. 3.92 हा आकडा आम्ही घरच्यांनी मिळून वर्षभर रांधला होता.

हे नानांना सांगणं मला जड गेलं. टेबल द्राक्षात जे जे चांगल्या बागायतदाराचं लक्षण, त्यातलं बरंचसं वाइनच्या बागेत उलटं पडतं. थॉमसनचा मणी फुगवायला जीएत (जिबरेलिक आम्ल या वाढीच्या संजीवकात) बुडवायचा, निर्यातीला 18 मिलिमीटरपर्यंत न्यायचा. शिराझचा मणी 10-12 चाच बरा, कारण रंग आणि तुरटपणा सालीत असतो, आणि मणी जितका मोठा तितकी रसाच्या मानाने साल कमी. तिकडे पाणी वेळेवर देणारा शहाणा, इकडे योग्य वेळी पाणी तोडणारा. चाळीस वर्षं ज्या हातांनी एक विद्या कमावली, त्या हातांना ती दोन एकरांपुरती विसरायला सांगायचं. नाना ऐकत होते. शेवटी एवढंच म्हणाले, “मग तू आधी का नाही सांगितलंस?” त्यांच्या स्वरात राग नव्हता, म्हणून ते मला जास्त लागलं.

स्वयंपाकघरातली बैठक

जून 2022 मध्ये आम्ही सगळे बसलो. काकांचं मत: खालच्या 14 ओळी तोडा, 110 आर खुंटावर नव्याने लावा. शास्त्राने ते बरोबर होतं; तो खुंट डॉगरिजइतका फोफावत नाही. पण खुंट लावायचा, पावसाळ्याच्या शेवटी कलम भरायचं, वेल उभी करायची, म्हणजे त्या ओळींचं उत्पन्न दोन-तीन वर्षं बंद, आणि आम्ही नुकताच एक हंगाम गमावला होता.

भावाला रोख पैसा हवा होता आणि त्याची काळजी खरी होती. त्या वर्षी 27 जानेवारीला मंत्रिमंडळाने सुपरमार्केटमध्ये वाइन विकायला परवानगी देण्याचा निर्णय घेतला होता. भावाने तेव्हा पुणे-नाशिकच्या दुकानांची यादीही केली. मग विरोध झाला आणि ती वाट उघडलीच नाही. दुसऱ्या राज्यात जायचं तर लेबलची नोंदणी, शुल्क, कागद सगळं नव्याने. दारूचा विषय राज्यांचा असल्याने प्रत्येक वेशीवर वेगळा कायदा. दहा-बारा हजार बाटल्यांच्या वायनरीला ते पेलत नाही. राहिली आमची टेस्टिंग रूम, आणि तिथे वहिनीचा अनुभव असा की उन्हाळ्यात येणारी माणसं रेडच्या आधी काहीतरी थंड मागतात.

भाऊ म्हणाला, “खालच्या ओळींची रोझे, गुलाबी वाइन, कर ना. रोझेला गडद रंग लागत नाही, लवकर तोडता येते, जूनमध्ये विकता येते.” मी ते गंभीरपणे घेतलं नव्हतं, शिराझची रोझे म्हणजे बागेचा अपमान, असं काहीसं माझ्या डोक्यात होतं. पण विचार केला तसं ते बसत गेलं. रोझेसाठी 20-21 ब्रिक्सला तोडायचं, तेव्हा आम्ल शाबूत असतं. रस सालींवर दोन-चार तासच राहतो, म्हणजे सालीतला पालाश रसात यायला फारसा वेळच मिळत नाही. खालच्या ओळींचे दोन्ही दोष रोझेत जवळजवळ निकामी होतात.

मग मी विचारलं, वेलीवर माल किती ठेवायचा? नाना पहिल्यांदाच पुढे सरकून बोलले. “खालच्या वेलीला खायची सवय आहे. तिच्या अंगावरची लेकरं कमी केलीस म्हणून ती बारीक होणार नाही, आणखी फोफावेल. तिला लेकुरवाळी राहू दे.” रावाझच्या भागाकाराने जे सांगितलं होतं, तेच त्यांनी एका शब्दात सांगितलं. खाली वेलीमागे पाच किलो, वर तीन किलो, असं ठरलं. अर्धा एकर रान वरच्या अंगाला रिकामं होतं. तिथे 110 आर लावून काकांचाही मान राखला.

त्या पावसाळ्यानंतर जे केलं त्यातलं सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी काम म्हणजे एक व्हॉल्व्ह. तोवर 36 ओळींचं ठिबक एकाच व्हॉल्व्हवर होतं. वरच्या मुरमाची तहान भागेपर्यंत खालची काळी माती तट्ट भिजायची. खालच्या 14 ओळींना वेगळी पाइप टाकली. आपल्याकडे हिवाळा कोरडा असतो, हा वाइनवाल्याला मोठाच फायदा आहे: मणी धरल्यापासून पाणी उतरेपर्यंत खालचं ठिबक आम्ही जवळजवळ बंद ठेवलं आणि शेंडे आपोआप थांबले. पालाश दोन्हीकडे बंद. खालच्या ओळींच्या मधल्या पट्ट्यांत गवत वाढू दिलं आणि कापत राहिलो, तेही थोडं पाणी पितं. ओळी दक्षिणोत्तर आहेत, म्हणून घडांच्या पट्ट्यातली पानं फक्त पूर्वेच्या बाजूने काढली. सकाळचं ऊन आत येऊ द्यायचं, दुपारचं अडवायचं. पश्चिमेचीही काढली तर फेब्रुवारीत मणी भाजतात. बगलफुटी (पानांच्या बगलेतून येणारे फुटवे) वेळेवर काढणं हे काम काकांनी अंगावर घेतलं आणि ते त्यांच्याइतकं बारकाईने कोणी करत नाही.

होळीच्या आधी

गोडी छाटणी, म्हणजे फळासाठीची छाटणी, आम्ही मुद्दाम दोन टप्प्यांत घेतली. खालच्या ओळी ऑक्टोबर 2022 च्या सुरुवातीला, वरच्या दोन आठवड्यांनी. फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात खालचा माल तोडला: सव्वापाच टन, ब्रिक्स साडेवीस, पीएच 3.4. तो आकडा मी तीनदा मोजला. सगळे घड थेट दाबयंत्रात, रस 15 अंशांच्या आसपास सावकाश आंबवला, मे महिन्यात बाटल्या भरल्या. सुमारे 4,100 बाटल्या.

वरच्या ओळींचा निर्णय कठीण होता. 2023 चा फेब्रुवारी विलक्षण तापला. हवामान खात्याच्या नोंदीत दिवसाच्या सरासरी कमाल तापमानाने 1901 पासूनचा देशातला तोवरचा सगळ्यात उष्ण फेब्रुवारी. साखर रोज चढत होती. मी मणी चावून बिया बघायची. त्या अजून पुरत्या तपकिरी झाल्या नव्हत्या, आणि मागच्या वर्षीचा हिरवा कडवटपणा माझ्या जिभेवरून गेला नव्हता. मला आठ दिवस हवे होते. मुकादमाने सांगितलं, टोळी 4 मार्चला निघणार. सहा तारखेला होळी होती. पेठ-सुरगाण्याची माणसं होळीला घरी जातातच, त्यांचा तो वर्षाचा सण, आणि त्यांना थांबा म्हणणं आमच्या घरात कोणाच्या मनातही येत नाही.

नाना आणि मी 1 मार्चला संध्याकाळी 22 ओळींतून फिरलो, प्रत्येक ओळीतला मणी खात. साल चावली की तुरटपणा मऊ लागत होता, बी दाताखाली कट्कन फुटत होतं. सावलीतले चार मणी अजून मागे होते, बाकी द्राक्ष तयार होतं. नाना म्हणाले, “बी पिकायची वाट बघशील तर मणी सुकेल.” दुसऱ्या दिवशी पहाटे चारला बत्त्या लावून तोडणी सुरू केली, दोन पहाटांत संपवली, उन्हं तापायच्या आत कॅरेट वायनरीत. पाच टन. ब्रिक्स 24.2, पीएच 3.62. बारा दिवस सालींवर, मग 225 लिटरची 14 पिंपं. त्यातली चारच नवी, कारण नवं फ्रेंच ओकचं पिंप इथे येईपर्यंत लाखाच्या घरात जातं. दहा जुनी.

रोझे दिवाळीपर्यंत संपली. तिच्या पैशातून पुढच्या हंगामाची मजुरी आणि औषधं निघाली, आणि वायनरीचा हंगाम थॉमसनच्या पैशाला हात न लावता उभा राहण्याची ती पहिली वेळ होती. आईने तो आकडा वहीत लाल शाईने अधोरेखित केला. एप्रिलमध्ये पुन्हा काड्या तोलल्या: खाली 1.05 किलो, वर अर्धा किलो. भागाकार खाली पाचाच्या जरा आत, वर सहा.

26 नोव्हेंबर

सगळं सुरळीत झालं असं मी लिहिणार नाही. 26 नोव्हेंबर 2023 च्या अवकाळीने नाशिक जिल्ह्याला झोडपलं. निफाडकडे गारांनी बागा झोपल्या. आमच्याकडे पाऊस झाला. खालच्या ओळी आधी छाटलेल्या, त्यांचे मणी नुकते धरले होते. गळ झाली, आणि पाठोपाठ घडांवर डाऊनी हा बुरशीचा रोग. काका आणि भाऊ तीन दिवस ट्रॅक्टरवरून उतरले नाहीत. काळ्या मातीत चाक रुतत होतं, म्हणून शेवटच्या पाच ओळींना पाठीवरच्या पंपाने फवारलं. पूर्वेची पानं तेव्हा काढून झाली होती, वारा आत शिरत होता. जुन्या दाट मांडवाखाली काय झालं असतं याचा विचार नको वाटतो. तरीही खाली पाचाऐवजी तीन टनच हाती आलं आणि रोझेच्या बाटल्या 2,500 च्या आत राहिल्या. वरच्या अंगाचे घड पंधरा दिवसांनी मागे होते, मुरमातून पाणी निघून गेलं, तिथे फारसं बिघडलं नाही. छाटणी दोन टप्प्यांत घेण्याचं मूळ कारण मजूर आणि दाबयंत्र होतं. त्याचा असाही उपयोग होईल हे आम्ही धरलं नव्हतं.

वेलीच्या तोलाचं म्हणाल तर 2024 च्या एप्रिलला खालचा भागाकार पुन्हा तीनच्या खाली घसरला. गळ झाली म्हणजे निसर्गानेच घड गाळले, आणि वेलीने 2022 सारखंच केलं: उरलेली ताकद काडीत घातली. त्या एप्रिलला ट्रॉलीकडे बघून मी आधी आकडा सांगितला आणि मग काटा लावला. फारसा चुकला नाही.

2023 ची रेड आम्ही 2024 च्या पावसाळ्याअखेर बाटलीत भरली. तिचा रंग लाल आहे, निळा नाही. नाना वाइन पीत नाहीत, माळकरी आहेत. पण पेला उन्हात धरून बघतात आणि नाकाशी नेतात. ते म्हणाले, “ही वरच्या अंगाची, पण सगळी नाही.”

मी विचारलं, म्हणजे कशी? त्यांनी मला बागेत नेलं. काळ्या मातीची कड ओळींना समांतर नाही, ती तिरपी जाते. 19 ते 22 या चार ओळींचा उत्तरेकडचा निम्मा भाग काळ्यात येतो. आम्ही तो वर मोजला होता आणि त्याची द्राक्षं रेडमध्ये गेली होती. आता त्या चार ओळींच्या मध्यावर नानांनी खांबांना पिवळा रंग लावला आहे. खांबाच्या उत्तरेचा माल येत्या तोडणीत खालच्यांबरोबर निघेल, आणि तिथलं ठिबक खालच्या व्हॉल्व्हवर घेण्यासाठी 16 मिलिमीटरची नळी सध्या पडवीत येऊन पडली आहे.